माड माझ्याच घरावर का?

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ आमच्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून वर सरकत होतं. जमिनीवर चढलं ते दुसऱ्या रात्री, तिकडे सौराष्ट्रात. पण जाता जाता इथल्या माडांना, आंब्यांना आणि विजेच्या खांबांना हिसका देऊन गेलं. आमची आणि शेजारच्या आबांची हद्द लागून. हद्दीच्या दोन बाजूंना दोन माड, जवळपास एकाच वयाचे. दोन्ही पडले. आमचा विहिरीकडच्या मोकळ्या जागेत आडवा झाला. आबांचा त्यांच्या घरावर आला, कौलं आणि वासे घेऊन थेट माजघरात. माणसं पडवीत होती म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी वाडीतली माणसं बघायला आली. प्रत्येकाजवळ एकेक उत्तर होतं. एक म्हणाले, नशिबात होतं. दुसरे म्हणाले, मागच्या जन्मीचं काही देणं असेल, ते फिटलं. एका काकींनी राखणदाराचं, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाचं, काही चुकलंय का, ते बघून घ्यायला सांगितलं. मुंबईहून भावाचा फोन आला, ‘जे होतं ते बऱ्यासाठीच, जीव वाचले ना?’ कॉलेजातला पुतण्या मोबाइलमधली मान वर न करता म्हणाला, ‘योगायोग.’

आबा हातात फुटक्या कौलाचा तुकडा धरून सगळ्यांचं ऐकत होते. मग माझ्याकडे वळले. ‘तू इतको शिकलंस, माका सांग, माझ्याच घरार कित्याक?’ मी शहाणपणा केला. माडाला सोटमूळ नसतं, तंतुमुळं असतात, जमीन भिजून सैल झाली आणि वारा एका अंगानं लागला की...

‘ता माका ठावक आसा,’ आबा म्हणाले. ‘माझ्याच घरार कित्याक, ता इचारतंय.’

तौक्ते हे नाव म्यानमारनं दिलेलं. अर्थ पाल, ती मोठ्यानं ओरडणारी. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हापासून. आबांना मिळालेली पाच उत्तरं सोपी होती, माझं सहावं जरा पुस्तकी होतं, आणि आबांनी जे विचारलं होतं ते सहाही उत्तरांच्या बाजूनं निघून गेलं होतं. दर पावसाळ्यात पूर आला, दरड कोसळली की हीच उत्तरं पुन्हा फिरायला लागतात, आता तर गुलाबाच्या फुलासकट मोबाइलवर. म्हणून एकदा ती हातात घेऊन बघू.

एका ‘का’च्या पोटात तीन प्रश्न

आपला ‘का’ हा शब्द मोठा लबाड आहे. ‘दूध का नासलं?’ आणि ‘दूध का नासवलंस?’ दोन्हीकडे ‘का’च. पहिल्याचं उत्तर ‘उकाड्यानं’, दुसऱ्याचं ‘पनीर करायला’. म्हणजे पहिला ‘का’ खरं तर ‘कशामुळे’ आहे आणि दुसरा ‘कशासाठी’. कशामुळे विचारलं की मागे बघायचं, आधी काय घडलं ते शोधायचं. कशासाठी विचारलं की कुणाच्या तरी मनातला हेतू शोधायचा. आपल्या जुन्या न्यायदर्शनात या हेतूला प्रयोजन म्हणतात. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनंही सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ‘का’चे असे पदर सोडवले होते, त्यानं तर चार काढले.

दूध नासण्याला कारण असतं, हेतू नसतो. ‘हे दूध कशासाठी नासलं?’ असं विचारलं तर समोरचा आपल्या तोंडाकडे बघेल. माड पडला त्याला मात्र आपण हाच प्रश्न बिनदिक्कत विचारतो.

आबांच्या तोंडी होता तो तिसराच ‘का’. शेजाऱ्याचा माड मोकळ्यात आणि माझा माझ्या डोक्यावर, असं मी त्याच्याहून काय वाईट केलंय? हा न्यायाचा प्रश्न. त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असतं एवढंच. आतून ते गाऱ्हाणं असतं. मी त्यांना ‘कशामुळे’चं उत्तर दिलं. काकींनी ‘कशासाठी’चं दिलं, म्हणजे राखणदाराला काही सांगायचं होतं. आबांचा प्रश्न ओटीवर बसून राहिला.

वाळवी आणि कोठार

हे फक्त कोकणातल्या भाबड्या माणसांचं आहे असं कुणाला वाटत असेल, म्हणून एक लांबची गोष्ट. इव्हान्स-प्रिचर्ड नावाचा इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ १९२०च्या दशकात दक्षिण सुदानातल्या अझांदे लोकांत राहिला. त्यांची धान्याची कोठारं लाकडी खांबांवर उभी. दुपारच्या उन्हात माणसं त्यांच्या सावलीला बसायची. एखादं कोठार कोसळायचं, खालची माणसं जखमी व्हायची. अझांदे म्हणायचे, ही करणी. इव्हान्स-प्रिचर्डच्या लक्षात आलं, की खांब वाळवीनं खाल्ले हे त्यांना पक्कं माहीत आहे. करणीचं उत्तर ते त्या प्रश्नाला देतच नव्हते. कोठार पडलं वाळवीमुळे, माणसं खाली बसली उन्हामुळे. पण ही दोन्ही त्याच घडीला, त्याच माणसांवर एकत्र का आली? त्या सांध्यासाठी त्यांच्याकडे करणी होती.

आपण म्हणणार, योगायोग. म्हणजे त्या सांध्याच्या जागी आपल्याकडे काहीच नाही, फक्त एक शब्द आहे. आबा आणि तो कोठाराखालचा माणूस समोरासमोर बसले असते तर त्यांना एकमेकांची भाषा कळली नसती, पण भांडण एकच आहे हे कळलं असतं.

‘नशिबात होतं’

सगळं आधीच ठरलेलं आहे, आपण काही केलं तरी ते टळत नाही, या मताला नियतिवाद म्हणतात. आपल्याकडे बुद्धाच्या काळातला मक्खली गोसाल हा त्याचा खंदा पुरस्कर्ता. सुताची गुंडी फेकली की सूत संपेपर्यंत ती उलगडत जाते, तसं माणसाचं आयुष्य, असं तो म्हणे.

यावरचा जुना आक्षेप बंदरावर नेऊन बघा. एक खलाशी म्हणतो, ‘माझं परत येणं नशिबात असेल तर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला तरी मी येईन, नसेल तर शांत दर्यातसुद्धा बुडेन. मग बावटा बघायचा कशाला?’ ऐकायला बिनतोड. ग्रीक लोकांनी या युक्तिवादाचं नाव ‘आळशी युक्तिवाद’ ठेवलं होतं, आणि त्यांच्यातल्या क्रिसिपसनं त्याला उत्तर दिलं ते असं, की परत येणं नशिबात असेल तर बावटा बघून खाडीत थांबणंही त्याच नशिबात लिहिलेलं असू शकतं. शेवट ठरलेला मानला तरी मधल्या पायऱ्या गाळता येत नाहीत. गंमत म्हणजे क्रिसिपस स्वतः नियती मानणारा होता. आणि आमच्या बंदरावर नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडणारा तांडेल बोट बाहेर काढण्याआधी इंजिनही तपासून घेतो. दोन्ही करण्यात त्याला काही विसंगत वाटत नाही.

माझं एक निरीक्षण आहे. नशीब हा शब्द आपण बहुतेक वेळा मागे वळून वापरतो. माड पडल्यावर. माड घराकडे झुकतोय हे चार वर्षं दिसत असताना कुणी नशिबाचं नाव काढलं नव्हतं. तेव्हा ‘पाडेली बघूक होयो’, म्हणजे माडावर चढणारा गडी बघायला हवा, एवढंच बोलणं व्हायचं. तरी या शब्दाचा एक चांगला उपयोग आहे, तो सोडू नये. आबा रात्री जागून ‘मी वेळेत तोडून घेतला असता तर’ असं घोकत होते तेव्हा त्यांच्या बायकोनं ‘नशीब’ म्हणून तो विषय मिटवला. तिथे तो शब्द मलमासारखा लागला. मलम लावायचं असतं, पोटात घ्यायचं नसतं.

‘जे होतं ते बऱ्यासाठीच’

या वाक्याचा थोरला भाऊ जर्मनीत भेटतो. लायब्निझ हा गणिती आणि तत्त्वज्ञ. १७१० मध्ये त्यानं मांडलं, की ईश्वर सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल तर त्यानं शक्य असलेल्या सगळ्या जगांतलं उत्तम तेच निवडलं असणार. दुःख दिसतं ते त्या उत्तमाचा अटळ भाग. मग १ नोव्हेंबर १७५५ ला, सगळ्या संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनला भूकंप झाला. चर्चं माणसांनी भरलेली होती. वरून आग, मागून समुद्राच्या लाटा. हजारो माणसं गेली. फ्रेंच लेखक व्हॉल्तेरनं यानंतर ‘सगळं उत्तम चाललंय’ म्हणणाऱ्यांची जी टर उडवली ती आजतागायत पुसली गेली नाही.

मला लायब्निझची थोडी बाजू घ्यावीशी वाटते. तो अख्ख्या विश्वाबद्दल बोलत होता. आमसूल नुसतं चोखलं तर आंबट, पण सोलकढी त्याच्याशिवाय होत नाही, असं काहीसं. आपले फॉरवर्ड मात्र सांगतात की आंबट लागलं ते आमसुलाच्याच भल्यासाठी! हे लायब्निझनंही म्हटलं नव्हतं. शिवाय आमसुलाला दुखत नाही, माणसाला दुखतं.

यावर एक साधी कसोटी आहे. माड पडणं खरोखर बऱ्यासाठी होतं तर मे महिन्याच्या आधीच चार माणसं बोलावून आपणच तो घरावर का पाडला नाही? जीव वाचले याचा आनंद अगदी खरा आहे. तो आनंद वेगळा बोलावा. त्याला माड पडण्याचं कारण करू नये.

‘कर्माचं फळ’

या उत्तराशी जरा जपून बोलायला हवं, कारण सहांपैकी आबांच्या खऱ्या प्रश्नाला, न्यायाच्या प्रश्नाला, थेट भिडतं ते हेच. इथे दिसत नसेल तर मागच्या जन्मात बघा, हिशेब जुळतो. इतकी शतकं टिकलं ते उगाच नाही.

अडचण अशी, की हा हिशेब कशालाही जुळतो. माड घरावर पडला तर पाप फळलं, बाजूला पडला तर पुण्य. जी किल्ली प्रत्येक कुलपाला लागते तिच्यानं कुठलंच कुलूप नीट कळत नाही.

१५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. गांधीजी म्हणाले, अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरानं दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ ठाकूर अस्पृश्यतेचे कडवे विरोधक, तरी त्यांनी जाहीर आक्षेप घेतला. भूकंपाला भौतिक कारणं असतात, हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा मला जास्त धारदार वाटतो: याच न्यायानं सनातनी लोक उलट म्हणू शकतील, की गांधी आणि त्यांच्या अनुयायांमुळेच देव कोपला. एकच भूकंप दोन्ही पक्षांना पुरावा म्हणून चालतो. आणि मेले ते बिहारमधले लोक, त्यांत अस्पृश्यही आलेच.

या उत्तराची किंमत कोण भरतं हे बघायला कोकणाबाहेर जायची गरज नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुरं पाणी पीत होती आणि माणसांना मनाई होती. असं का, याचं तयार उत्तर पिढ्यान्‌पिढ्या पाठ होतं: ज्याचं त्याचं कर्म. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे इथलंच, मंडणगड तालुक्यातलं. पुढे त्यांनी लिहिलं, की गरीब आणि खालच्या मानलेल्या माणसांच्या स्थितीची जबाबदारी राज्यानं आणि समाजानं झटकावी, यापलीकडे या पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताचा काही हेतू दिसत नाही.

कुणी म्हणेल, कर्मसिद्धान्त इतका उथळ नाही, तो पुढच्या कृतीबद्दल सांगतो. मान्य. ‘मी आज नीट वागलो पाहिजे’ असं स्वतःला सांगणाऱ्याशी माझं भांडण नाही. दुसऱ्याच्या पडक्या घरासमोर उभं राहून त्याच्या मागच्या जन्माचा निकाल वाचणं, याच्याशी आहे.

मग ‘योगायोग’ तरी बरोबर ना?

इथवर वाचून पुतण्या खूश झाला असेल. पण त्याचंही उत्तर सोपंच आहे.

भिशी घ्या. बारा बायका, बारा चिठ्ठ्या, दर महिन्याला एक नाव निघतं. ‘तुझंच का निघालं?’ याला पुढे काही उत्तर नसतं. हजारो माड पडले तर काही घरांवर पडणारच, तसंच हे. इथपर्यंत पुतण्या बरोबर.

पण भिशीत सगळ्यांच्या चिठ्ठ्या सारख्या असतात. इथे होत्या का? आबांचा माड घरापासून आठ-दहा हातांवर होता, कारण चार भावांत वाटण्या होऊन त्यांच्या वाट्याला तेवढीच पट्टी आली. आमच्या आजोबांना भाऊ नव्हता, म्हणून आमची विहीर मोकळ्यात आणि माडही मोकळ्यात. छप्पर जुनं, वासे किडलेले, कारण पैसे पोरीच्या शिक्षणाला गेले. या सगळ्याला योगायोग म्हटलं तर वाटण्या, पैसा, घर कुठे बांधता आलं, हे सगळं त्या एका शब्दाखाली गाडलं जातं. डोंगर खचतो त्याला पाऊस कारण. त्या डोंगराखाली कोण राहतं, याला पाऊस कारण नसतो. तापलेला अरबी समुद्र वादळाला बळ देतो हे विज्ञान सांगतं आणि ते खरं आहे, पण तो समुद्र तापवण्यात आबांचा वाटा किती, हा प्रश्न वेधशाळेच्या कामातला नाही.

विज्ञानाला कमी लेखायला मी हे लिहीत नाही. तीन नंबरचा बावटा लागतो तो विज्ञानामुळेच. ‘कशामुळे’चं त्याच्याइतकं भरवशाचं उत्तर कुणाकडे नाही. ते उत्तर हातात आलं की बाकीचे दोन ‘का’ आपोआप विरघळले, असं समजणं तेवढं चूक.

‘पण दुःखात धीर लागतो, तर्क कशाला?’

हा आक्षेप मला माझ्या आईनंच घेतला, आणि तिचं म्हणणं अर्धं खरं आहे. मयताच्या घरी कुणी तत्त्वज्ञान शिकवायला जात नाही. ‘देवाची मर्जी’ हे शब्द तिथे माहिती म्हणून बोलले जातच नाहीत. खांद्यावर हात ठेवण्याचा तो एक प्रकार. असल्या वाक्याची उलटतपासणी करणारा माणूस नुसता उद्धट.

फरक पडतो तो कोण कुणाला सांगतंय यानं. आबांच्या बायकोनं ‘नशीब’ म्हटलं तेव्हा तो धीर होता. पंचनाम्याला आलेल्या माणसानं तेच म्हटलं असतं तर? तर ती पळवाट झाली असती. आणि धीर देणारी सगळी वाक्यं सोप्या उत्तरांचीच असतात असंही नाही. त्या दिवशी आबांना सगळ्यात जास्त धीर आला तो ताडपत्री घेऊन आलेल्या दोन पोरांमुळे. ती काहीच बोलली नाहीत.

कौलाची रीत

आमच्याकडे देवाला विचारतात तेव्हा कौल लावतात. पाषाणाच्या अंगावर ओल्या पाकळ्या, कुठे तांदूळ, चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, आणि मग सगळे त्या पाकळ्यांकडे डोळे लावून बसतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळी पाडतो कोण, देव की वाळत जाणारं पाणी, यावर तुम्ही तुमचं मत ठेवा. मला त्यातली रीत आवडते. प्रश्न आधी नेमका करावा लागतो. ‘विहीर हयसर खणूची काय?’ असं विचारता येतं. ‘जगण्याचा अर्थ काय?’ असा कौल मी तरी कुणी लावलेला पाहिला नाही, कारण तिथे उजवं काय आणि डावं काय? आणि कधी कधी कुठलीच पाकळी हलत नाही. तेव्हा गुरव घाई करत नाही. पुन्हा गाऱ्हाणं घालतो, कधी प्रश्नच बदलून घालतो.

मोठ्या प्रश्नांना मिळणारी सोपी उत्तरं ही मला पाकळी पडायच्या आधीच उजवी म्हणून ओरडल्यासारखी वाटतात.

‘उत्तरच नसेल तर विचारायचं कशाला?’

बुद्धाला मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्खूनं असंच छेडलं होतं. जग शाश्वत आहे की नाही, मेल्यावर बुद्ध असतो की नसतो, सांगा, नाहीतर मी चाललो. बुद्धानं दाखला दिला विषारी बाण लागलेल्या माणसाचा. बाण मारणारा कोण, कुठल्या कुळातला, धनुष्य कशाचं, हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही असं तो म्हणत बसला तर उत्तरं मिळायच्या आधी मरेल. असे प्रश्न बुद्धानं बाजूला ठेवले. त्यांना अव्याकृत, म्हणजे उत्तर न दिलेले, म्हणतात. उत्तर येत नव्हतं म्हणून नव्हे, दुःख मिटवायला त्यांचा उपयोग नव्हता म्हणून.

दाखला अप्रतिम आहे. तरी माझी पाल इथेही चुकचुकते. बाण काढून झाल्यावर, जखम भरत आल्यावर, मारणारा कोण हे विचारायलाच हवं ना? पुढचा बाण येऊ शकतो. कुठला प्रश्न आत्ता निरुपयोगी आहे आणि कुठला कायमचा, हे ओळखणं हेच अर्धं काम, आणि ते सोपं उत्तर झटक्यात देऊन होत नाही. चुकीची उत्तरं बाजूला काढली तरी बरोबर उत्तर हाती लागेल असं नाही. पण निदान चुकीच्या उत्तराची शिक्षा कुणाला भोगावी लागत नाही.

आबांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. छप्पर झालं, माजघरात नवा वासा पडला, जुन्या कौलांत नवी तांबडी कौलं वेगळी दिसतात. गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. मागच्या अंगणात त्यांचा अजून एक माड आहे, जरा कललेला. त्याच्या बुंध्याला हात लावून ते कधी शेंड्याकडे, कधी घराकडे बघत होते.

‘ह्यो पडलो तर घरार येतलो काय रे?’

मी म्हटलं, ‘कौल लावूया काय?’

‘कौल कित्याक?’ आबा म्हणाले. ‘दोरी हाड.’